यंत्राचा ताबा सोडताना

पोरी, नव्या लॅबमध्ये तुला ऑटोमेटेड टेस्टिंगचं काम मिळालं, हे तुझ्या आईनं सांगितलं. फार बरं वाटलं. स्क्रिप्ट कशी लिहायची हे तुला मावशीनं शिकवायला नको, त्यात तू माझ्या पुढे आहेस. मला बोलायचंय ते स्क्रिप्टच्या शेवटच्या चार ओळींबद्दल, ज्या लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो.

चाचणी संपते, रिपोर्ट निघतो, तू डबा उचलून घरी जातेस. मागून दुसऱ्या पाळीचा तंत्रज्ञ येतो. तो पॉवर सप्लायचं बटण दाबतो, परत दाबतो, नॉब फिरवून बघतो, पण सप्लाय ढिम्म हलत नाही. डिस्प्लेच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या अक्षरांत 'रिमोट' लिहिलेलं असतं, पण तिकडे त्याचं लक्षच जात नाही. शेवटी तो मेन स्विच बंद करतो, आणि इथून पुढचे घोळ सुरू होतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: यंत्र पुन्हा माणसाच्या बोटाला दाद द्यायला लागलं की मगच चाचणी संपली असं धर.

१. आधी आउटपुट बंद कर, मग ताबा सोड — 'लोकल'ला आलं म्हणून सप्लाय आपोआप बंद होत नाही. बारा व्होल्ट लावलेले असतील तर बाराच राहतात, आणि आता समोरचा नॉब कुणीही फिरवू शकतो. आधी धार बंद, मग दार उघड.

२. 'आउटपुट ऑफ' पाठवलंस की व्होल्टेज एकदा मोजून बघ — सप्लायच्या आणि बोर्डाच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. लोड नसला तर काही सप्लाय तो खाली ओढतच नाहीत, आणि जिगमध्ये पहिला हात तुझाच जाणार असतो.

३. मोठी कॉइल किंवा चुंबक जोडलेलं असेल तर करंट पायरीपायरीनं शून्यावर आण — कॉइलमधला करंट एकदम तोडला की तो व्होल्टेज होऊन उसळतो आणि कुठे उतरेल ते सांगता येत नाही.

४. बॅटरीवर इलेक्ट्रॉनिक लोड लावला असेल तर सगळ्यात आधी लोडचा इनपुट बंद कर — स्क्रिप्ट मेली तरी लोड करंट ओढतच राहतो. लिथियम-आयन सेल रात्रभरात खालच्या मर्यादेपलीकडे उतरला तर त्याच्यावर पुन्हा भरवसा ठेवता येत नाही.

५. आरएफ अ‍ॅम्प्लिफायर असेल तर क्रम पाठ कर: आधी आरएफ बंद, मग ड्रेन, शेवटी गेट — गॅलियम आर्सेनाइड किंवा गॅलियम नायट्राइडचे बहुतेक आरएफ ट्रान्झिस्टर गेट शून्यावर असताना चालू असतात. गेटचं ऋण व्होल्टेज आधी काढलंस तर ड्रेनचा करंट मोकाट सुटतो आणि महागाचा ट्रान्झिस्टर बघता बघता जातो.

६. थर्मल चेंबर उणे चाळीसवर असेल तर तो खोलीच्या तापमानाच्या थोडा वर येईपर्यंत वाट बघ, मगच तो मोकळा झाला म्हण — गार बोर्डाला बाहेरची हवा लागली की त्यावर दव धरतं, आणि उद्या तुम्ही सगळे नसलेला दोष शोधत बसता.

आता जरा आतली गोष्ट सांगते, कारण 'का' कळलं की 'काय' आपोआप लक्षात राहतं. संगणकानं मोजमापाची यंत्रं चालवायची ही जीपीआयबी बस मुळात ह्युलेट-पॅकार्डनं १९६० च्या दशकाच्या अखेरीस बनवली, आणि १९७५ मध्ये तिचं आयईईई ४८८ हे मानक झालं. तिच्यात कामाच्या सोळा तारा असतात: आठ डेटाच्या, तीन हँडशेकच्या आणि पाच व्यवस्थापनाच्या. या पाचातली एक 'रिमोट एनेबल'. ती तार नुसती चालू केली तर काही होत नाही, पण ती चालू असताना कंट्रोलरनं यंत्राला 'ऐक' म्हणून हाक मारली की यंत्र रिमोटमध्ये जातं आणि समोरचं पॅनेल गप्प होतं. यंत्राला परत आणणाऱ्या आज्ञेचं नाव 'गो टू लोकल'. हे दोन धागे धरून ठेव, पुढचं सगळं त्यांतूनच निघतं.

७. 'गो टू लोकल' सगळ्यात शेवटी पाठव, त्यानंतर त्या यंत्राला एक अक्षरही नको — कसलीही आज्ञा पाठवायची तर आधी 'ऐक' म्हणावं लागतं, आणि तेवढ्यानं ते परत रिमोटमध्ये जातं. निरोप घेऊन झाल्यावर उंबऱ्यावर गप्पा काढू नयेत.

८. लोकलला आलं का, हे यंत्राला विचारू नकोस, डोळ्यांनी बघ — जीपीआयबीवर प्रश्न विचारायचा तर तो आधी यंत्राला ऐकवावा लागतो, म्हणजे विचारण्यानंच उत्तर बिघडतं. हुशार मुलं स्क्रिप्टच्या शेवटी खात्री म्हणून यंत्राचं नाव विचारणारी ओळ घालतात आणि सगळं मुसळ केरात जातं. सीरियल पोल तेवढा चालतो, कारण त्यात यंत्राला 'बोल' म्हटलं जातं, 'ऐक' नाही. पण कोपऱ्यातला 'रिमोट'चा दिवा विझला का हे बघायला त्याची काय गरज?

९. सेशन बंद करण्याआधी ताबा सोड, नंतर नाही — 'क्लोज' म्हणजे तुझ्या बाजूचा धागा तुटला एवढंच. यंत्राला त्याचा पत्ताही नसतो आणि ते आहे तसंच थांबून राहतं.

१०. पायथॉनच्या पायविसा लायब्ररीत ताबा सोडायचं काम 'कंट्रोल रेन' करतं. त्याला कोणता पर्याय द्यायचा ते आकड्यानं लिहू नकोस, नावानं लिही — 'सहा' म्हणजे त्या एका यंत्राला हाक मारून लोकलला आण, आणि 'शून्य' म्हणजे रिमोट एनेबलची तारच सोडून दे. महिन्याभरानं वाचणाऱ्याला हा फरक आकड्यावरून कळत नाही.

११. ती तार सोडून द्यायची तर बसवर दुसऱ्या कुणाचं काम चालू नाही ना, हे आधी विचार — एका बसवर कंट्रोलर धरून पंधरा यंत्रं असू शकतात, आणि तार सुटली की सगळी एकदम लोकलला येतात. शेजारच्या पोराची तीन तासांची चाचणीही त्यात जाते.

१२. रिसेट केलं म्हणजे मोकळं झालं, असं समजू नकोस — 'स्टार आरएसटी' सेटिंग मूळपदावर आणते, डिव्हाइस क्लिअर अडकलेलं बोलणं साफ करतो, पण रिमोट-लोकलला दोघंही हात लावत नाहीत. यंत्र नव्यासारखं होतं आणि तरीही बंदिस्तच राहतं.

१३. 'लोकल लॉकआउट' लावलास तर काढायची जबाबदारीही तुझीच. ज्यानं कुलूप लावलं, त्यानंच किल्ली खुंटीला लावावी — रिमोटमधल्या यंत्राचं पॅनेलवरचं 'लोकल' बटण एरवी चालतं, लॉकआउटमध्ये तेही मरतं.

हा मुद्दा दिसतो त्यापेक्षा खोल आहे, म्हणून थोडं थांबते. मानकाप्रमाणे यंत्राच्या चार अवस्था असतात: लोकल, रिमोट, आणि या दोन्हींचं लॉकआउट लागलेलं रूप. लॉकआउट असताना तू 'गो टू लोकल' पाठवलंस तर पॅनेल चालू होतं, बटणं दाबली जातात, सगळं छान वाटतं. पण लॉकआउट आत दबा धरून बसलेलाच असतो. उद्या कुणी साधीशी आज्ञा पाठवली की यंत्र रिमोटमध्ये जातं आणि 'लोकल' बटण पुन्हा मुकं. मग तो बिचारा आपल्या प्रोग्रॅममध्ये लॉकआउटची ओळ शोधत बसतो, जी त्यानं लिहिलेलीच नसते. लॉकआउट खरा निघतो तो रिमोट एनेबलची तार सोडल्यावर, किंवा यंत्र बंद करून चालू केल्यावर.

१४. म्हणून लॉकआउट रात्रभराच्या किंवा उच्च व्होल्टेजच्या चाचणीलाच लाव, आणि यंत्रावर कागद चिकटव: काय चालू आहे, कधी संपेल, कुणाला विचारायचं — बटण मेलेलं दिसलं की माणूस मेन स्विचकडे वळतो, कागद दिसला की फोनकडे वळतो.

१५. लॉकआउट नसेल तर मधल्या वेळात कुणी 'लोकल' दाबून रेंज बदलू शकतो, हे गृहीत धर. महत्त्वाच्या मोजणीआधी सेटिंग परत लिही — तुझी पुढची आज्ञा यंत्राला रिमोटमध्ये ओढून आणते, पण बदललेली रेंज बदललेलीच राहते आणि आकडे गुपचूप खोटे येतात.

१६. सीरियल पोर्टवर ती तार नसते, तिथे ताबा घेणं आणि सोडणं दोन्ही शब्दांनी करावं लागतं — एचपीचा ३४४०१ए मल्टिमीटर अजून कितीतरी बाकांवर आहे. सीरियलवर त्याला आधी 'सिस्टिम रिमोट' आणि शेवटी 'सिस्टिम लोकल' सांगावं लागतं. पहिलं विसरलीस तर तो ५५० नंबरची चूक दाखवतो, दुसरं विसरलीस तर काहीच दाखवत नाही. म्हणून दुसरं जास्त जपायचं.

१७. लॅनवर ५०२५ पोर्टानं नुसते शब्द पाठवत असशील तर मोकळं करायची आज्ञा त्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये शोध — त्या वाटेनं फक्त मजकूर जातो, 'गो टू लोकल'साठी वेगळी सोय नाही, आणि प्रत्येक कंपनीनं आपापली युक्ती काढलेली आहे. व्हीएक्सआय-११ किंवा हायस्लिपनं जोडलंस तर ती सोय प्रोटोकॉलमध्येच मिळते. निवड हातात असेल तर मी तेच घेईन.

१८. यूएसबीवर बहुतेक यंत्रं ही आज्ञा ऐकतात, पण गृहीत धरू नकोस — यूएसबीच्या मानकात ती ऐच्छिक आहे. नवं यंत्र बाकावर आलं की पहिल्याच दिवशी करून बघ.

१९. लॅनवरचं लॉक आणि सॉकेट दोन्ही आपल्या हातानं सोड — संगणकाची केबल ओढलीस तर यंत्राला वाटतं पाहुणा अजून आतच आहे. ज्या यंत्राला एकाच वेळी एकच पाहुणा चालतो, ते पुढच्याला दारातूनच परत पाठवतं.

२०. यंत्र सोडूनही 'रिमोट' परत परत उगवत असेल, तर त्याच्याशी आणखी कोण बोलतंय ते शोध — कोपऱ्यातल्या संगणकावरचा देखरेखीचा प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी विचारपूस करत असतो, नाहीतर कुणीतरी ब्राउझरमध्ये यंत्राचं पान उघडं टाकून जेवायला गेलेलं असतं. यंत्राला दोष द्यायच्या आधी माणसं मोजावीत.

२१. जुन्या, खरोखरीच्या नॉबच्या यंत्रावर लोकलला जाण्याआधी सगळे नॉब शून्यावर आहेत का बघ — आताची यंत्रं रिमोटमधली सेटिंग जशीच्या तशी ठेवतात, पण ज्यांचा नॉब थेट सर्किटला जोडलेला असतो ती यंत्रं लोकल झाल्याक्षणी नॉब दाखवेल तिथे उडी मारतात. कॉलेजच्या लॅबमध्ये अशी अजून भेटतील.

आतापर्यंतचं सगळं चाचणी सुरळीत संपली तर. आता नाही संपली तर. आणि पोरी, खरी काळजी तिथेच लागते, कारण बिघडलेल्या चाचणीनंतरच यंत्र चालू, तापलेलं आणि बेवारस राहतं.

२२. मोकळं करायच्या ओळी 'फायनली'त ठेव, प्रोग्रॅमच्या शेवटी नको — मध्ये चूक झाली तर प्रोग्रॅम शेवटापर्यंत पोचतच नाही. 'फायनली'तून मात्र त्याला जावंच लागतं, तू मध्येच कंट्रोल-सी दाबलंस तरी.

२३. 'फायनली'च्या आत प्रत्येक यंत्राला वेगळं सांभाळ — पहिल्याच यंत्रानं टाइमआउट दिला तर त्या चुकीनं बाकीच्या ओळी उडतात. मल्टिमीटर रुसला म्हणून सप्लाय चालू राहता कामा नये.

२४. तिथला क्रम धोक्याचा असू दे, यादीतला नको — आधी व्होल्टेज आणि उष्णता देणारी यंत्रं, मग ओढणारी, शेवटी नुसती बघणारी. स्कोप पाच मिनिटं जास्त बघत राहिला तर कुणाचं काही जळत नाही. चौथ्या मुद्द्यातली बॅटरी मात्र इथे देणाऱ्यांतली. ती आज्ञेनं बंद होत नाही, म्हणून तिचा लोड पहिल्या रांगेत.

२५. यंत्र अडकलं असेल तर आधी डिव्हाइस क्लिअर, मग 'आउटपुट ऑफ' — अर्धवट राहिलेलं उत्तर गळ्यात असताना ते नवी आज्ञा नीट घेईलच असं नाही. शिवाय न वाचलेलं उत्तर पुढच्या प्रश्नाला चिकटतं, आणि तिथून सगळे आकडे एक घर सरकतात.

२६. लॅबव्ह्यूमधलं लाल 'अ‍ॅबॉर्ट' बटण रोजच्या कामात वापरू नकोस, आपलं वेगळं 'थांबा' बटण बनव — अ‍ॅबॉर्ट प्रोग्रॅमला जागच्या जागी कापतो, आवराआवरीचे ब्लॉक चालतच नाहीत. टेस्टस्टँड वापरत असाल तर ही कामं 'क्लीनअप'च्या गटात घाल, चूक झाली तरी तो गट चालतो.

२७. फक्त मोकळं करणारी एक वेगळी छोटी स्क्रिप्ट बाकावरच्या संगणकाच्या डेस्कटॉपवर ठेव, आणि प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीलाही तीच चालव — टास्क मॅनेजरनं प्रोग्रॅम मारला किंवा वीज गेली तर 'फायनली'ही चालत नाही. काल कुणी काय सोडून गेलं ते तुला माहीत नसतं. ही स्क्रिप्ट चालवायला पायथॉन यावं लागू नये, दोनदा क्लिक केलं की पुरे.

२८. सप्लायला कम्युनिकेशन वॉचडॉग असेल तर लांबच्या चाचणीला तो लाव, आणि ताबा सोडताना आठवणीनं काढ — संगणक गप्प झाला तर तो आउटपुट बंद करतो, पण तसाच राहिला तर हातानं काम करणाऱ्याचंही आउटपुट तो मध्येच तोडतो.

राहिलेली बारीकसारीक आवराआवर भराभर सांगते.

२९. ताबा सोडण्याआधी चुकांची रांग 'नो एरर' येईपर्यंत वाच आणि लॉगमध्ये लिही — नाहीतर तुझी चूक उद्याच्या माणसाच्या नावावर निघते.

३०. ट्रिगर परत आपोआप चालणारा कर, आणि वेगासाठी डिस्प्ले बंद केला असशील तर चालू कर — बसवरच्या ट्रिगरची वाट बघत बसलेला मीटर बघणाऱ्याला बिघडलेला वाटतो, आणि न बिघडलेलं यंत्र दुरुस्तीला जातं.

३१. 'बंद करून चालू कर' हा उपाय सगळ्यात शेवटी — चुकांची रांग आणि न साठवलेलं सेटिंग जातं. वर अचूक मीटरला दिलेल्या अचूकतेपर्यंत यायला तापावं लागतं, त्या ३४४०१ए ला तासभर. त्या तासातले आकडे कुणी तरी खरे समजून लिहून ठेवतं.

३२. जीपीआयबीवर दुसरं काहीच चाललं नाही, तर आधी पॅनेलवरून आउटपुटची काय स्थिती आहे ते बघ आणि मग त्या यंत्राची केबल काढ — तार तुटली की रिमोट एनेबल आपोआप सुटतं, यंत्र लोकलला येतं, सेटिंग मात्र टिकतं. एकावर एक लावलेल्या कनेक्टरांच्या चळतीतून काढत असशील तर वरचे कुणाचे आहेत ते आधी विचार. घाईत काढलेली केबल निवांत शोधावी लागते.

३३. निघताना प्रत्येक यंत्राचं एखादं निरुपद्रवी बटण दाबून बघ, रेंजचं किंवा मेनूचं — दिवा खोटं बोलत नाही, पण बोटाला मिळालेलं उत्तर आणखी पक्कं.

३४. बाकाच्या चौकटीवर यंत्रांची नावं, पत्ते आणि प्रत्येकाचं 'लोकल' बटण कुठे आहे ते लिहून चिकटव. कुठे ते शिफ्टच्या बटणातच असतं, कुठे बराच वेळ दाबून धरावं लागतं — मॅन्युअल कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली रात्रपाळीकडे नसते. आणि हे लिहिताना लॅबमधल्या जुन्या तंत्रज्ञाला शेजारी बसवून घे. कुठलं यंत्र कशानं अडतं हे त्याला ठाऊक असतं, फक्त त्याला कुणी विचारत नाही. पहिला आठवडा झाला की फोन कर, त्या ३४४०१ए च्या सीरियल केबलची जोडणी आपण बोलता बोलता नीट करून टाकू.